दोन दिवसांत खाज थांबवणारी ट्यूब

वाचकाचं पत्र:

“डॉक्टर मॅडम, नमस्कार. आमचं गाव माजलगाव तालुक्यात आहे. घरात सात माणसं. दीड वर्ष झालं, गजकर्ण आमचं घर सोडायला तयार नाही. आधी मालकांच्या जांघेत झालं, मग मला कंबरेला, परकराची नाडी बांधतो तिथं. मग सासूबाई, दीर, जाऊ. मेडिकलवाला एक ट्यूब देतो. लावली की दोन दिवसांत खाज बंद. आठ-दहा दिवसांनी परत, आणि आधीपेक्षा मोठं. सासूबाई म्हणतात म्हशीमुळं झालं. टँकर आठवड्याला येतो, सगळ्यांचे कपडे एकाच टबात भिजतात. धाकटा सात वर्षांचा आहे, त्याच्या डोक्यात रुपयाएवढी जागा मोकळी झाली. शेजारीण म्हणते चाई आहे, बिबा घासा. थोरली लातूरला होस्टेलवर राहून नीटची तयारी करते. तिचे केस मुठीनं गळायलेत, कोंडा पण लई. तिथल्या डॉक्टरांनी शाम्पू दिला, त्यावर सेलेनियम लिहिलेलं बघून तिनं बाटली फेकून दिली. शेगावकडं सेलेनियमनंच टक्कल पडलं म्हणतात ना? (तिला ऑक्टोबरात डेंग्यू झाला होता, ते बरं झालंय.) दीर-जाऊ ऊसतोडीला जातात. आता कुणाकुणाचं काय बघू?”
– एक वाचक, जि. बीड

ताई,

आधी तो बिबा उचलून ठेवा. बाकीचं नंतर बोलू. बिब्याच्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात, आणि भाजल्याचा वण राहिला तर तिथं केस पुन्हा उगवत नाही. चाईवर बिबा, लसूण, रुईचा चीक घासायची रीत आपल्याकडे जुनी आहे. ती टिकली त्याला कारण आहे. चाईचा एखाददुसरा चट्टा बऱ्याचदा काही महिन्यांत आपला आपण भरून येतो, आणि नाव घासणाऱ्याचं होतं.

पण ती चाईच आहे, हे शेजारणीला कसं कळलं? ज्या घरात दीड वर्ष गजकर्ण फिरतंय, तिथल्या सात वर्षांच्या पोराच्या डोक्यावर मोकळी जागा दिसली की मला आधी बुरशीचा संशय येतो. सकाळी अंगणात उजेडाला बसवा त्याला आणि नीट बघा. जागा गुळगुळीत, कातडी एकदम साफ, खाज नाही, तर चाई असण्याचा संभव जास्त. तिथं पांढुरका भुसा असेल, केस मुळाशी तुटून काळ्या ठिपक्यांसारखे दिसत असतील, पोरगं खाजवत असेल, मानेत मागच्या बाजूला बारीक गाठी लागत असतील, तर ते डोक्यातलं गजकर्ण. त्याला वरून मलम लावून भागत नाही. बुरशी केसाच्या मुळात बसलेली असते, मलम तिथवर पोचत नाही. पोराच्या वजनाप्रमाणे पोटातून औषध द्यावं लागतं, तेही काही आठवडे. तुमच्या बघण्यावर निकाल लावू नका, त्याला दाखवायचंच आहे. एवढं बघून ठेवलं तर डॉक्टरांपुढं नेमकं सांगता येईल.

आता गजकर्णाकडे येते. तुमच्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेनानं रेघ मारली आहे: “लावली की दोन दिवसांत खाज बंद.” माझं सगळं उत्तर या वाक्यात आहे.

बुरशीचं साधं मलम दोन दिवसांत खाज थांबवत नाही. त्याला आठवडा, कधी त्याहून जास्त लागतो. दोन दिवसांत खाज थांबली म्हणजे ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे. असं बघा, रात्री शेतात रानडुकरं शिरली, कुत्रं जोरजोरात भुंकायला लागलं, आणि आपली झोप मोडते म्हणून आपण कुत्र्यालाच झोपेची गोळी घातली. खाज आणि लाली हे आपल्या शरीराचं भुंकणं आहे. स्टिरॉइड ते बंद करतं. डुकरं तिथंच असतात, उलट आता निवांत चरतात. ट्यूब थांबवली की कुत्रं जागं होतं, तोवर गजकर्णानं दोन बोटांची जागा चार बोटं केलेली असते. कधीकधी त्याची मूळची गोल कड पुसली जाते, नाहीतर कड्यात कडं असं विचित्र दिसायला लागतं. मग नवख्या डॉक्टरलाही ते ओळखू येत नाही.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कितीतरी ट्यूबांत तीन-तीन, चार-चार औषधं एकत्र असतात: एक बुरशीचं, एक-दोन जंतूंची आणि एक स्टिरॉइड. घरातल्या सगळ्या ट्यूबांचे फोटो काढून थोरलीला पाठवा, तिला बारीक इंग्रजी वाचता येईल. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव असेल तर ती ट्यूब गजकर्णावर लावायची नाही. ‘झोल’वर संपणारी नावं, म्हणजे क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल, लुलिकोनाझोल, ही बुरशीची औषधं आहेत, त्यांचं भय नाही. ऑर्निडाझोलही ‘झोल’च, पण ते जंतूंचं औषध आहे, बुरशीला त्याचा उपयोग नाही. ते नाव बहुधा चार औषधांच्या ट्यूबवरच सापडेल, तेव्हा तिथं क्लोबेटासॉल आहे का तेही बघायला सांगा. अशा स्टिरॉइडच्या मलमांना डॉक्टरची चिठ्ठी लागेल, असा नियम केंद्र सरकारनं २०१८ साली केला. कागदावर तो आजही आहे. पण मेडिकलच्या काउंटरवर कोपर टेकवून ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटलं की काय हातात पडतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आले होते. बसायच्या आधी त्यांनी कॅरीबॅग टेबलावर पालथी केली. चौदा ट्यूबा. बऱ्याचशा शेपटीकडून गुंडाळत आणलेल्या, टूथपेस्ट संपताना करतो तशा. त्यांनी त्या स्वस्तापासून महागापर्यंत ओळीनं लावून दाखवल्या आणि म्हणाले, “मॅडम, पैशाकडं बघितलं नाही.” चौदापैकी अकरांत स्टिरॉइड होतं. त्यांच्या जांघेत, बाळंतपणानंतर पोटावर पडतात तशा रुंद, लालसर भेगा पडल्या होत्या. गजकर्ण पुढं बरं झालं. भेगा राहिल्या, त्या जात नसतात. तुमच्या मालकांच्या जांघेत तसं काही दिसतंय का, ते त्यांनाच बघायला सांगा.

मीही धुतल्या तांदळासारखी नाही. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत मी टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाची रोज एक गोळी दोन आठवडे लिहून द्यायची आणि रुग्ण बरा होऊन जायचा. गजकर्ण पावसाळ्यात यायचं, दिवाळीपर्यंत जायचं. मग तेच लोक महिन्याभरात परत यायला लागले. मला वाटायचं, गोळ्या नीट खाल्ल्या नसतील. दोघा-तिघांना मी चक्क रागावले, त्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी रिकाम्या पट्ट्या खिशातून काढून दाखवल्या. बाबा खरं बोलत होते. बुरशी बदलली होती.

टर्बिनाफिन बुरशीच्या एका एन्झाइमवर काम करतं. त्या एन्झाइमशिवाय बुरशीला स्वतःचं आवरण बांधता येत नाही. आता आपल्याकडे फिरणाऱ्या बुरशीनं त्या एन्झाइमचा सांधाच बदलला आहे, म्हणजे कुलूप बदललं, जुनी किल्ली फिरत नाही. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी तिथं राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेतून ही बुरशी वेगळी काढली आणि तिला नवीन नाव दिलं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावात आपला देश आला, आणि यात मिरवण्यासारखं काही नाही. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेनं न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद जाहीर केली, त्यांच्याकडची ती पहिली. आपल्याकडे तोवर ही बुरशी कितीतरी घरांत मुक्कामाला होती.

त्याच वर्षी, २०२० सालीच, वाराणसीचा एक अभ्यास छापून आला. माझ्या मते गजकर्ण बघणाऱ्या प्रत्येकानं तो वाचायला हवा. २०० रुग्ण, ५०-५० चे चार गट, प्रत्येक गटाला वेगळी गोळी. आठ आठवड्यांनी मोजलं तर इट्राकोनाझोलवाले ६६ टक्के बरे, फ्लुकोनाझोलवाले ४२, टर्बिनाफिनवाले २८ आणि जुन्या ग्रिसिओफल्विनवाले १४ टक्के. या आकड्यांतून लोक इट्राकोनाझोलचं नाव घेतात आणि थांबतात. मी दुसरा आकडाही बघते. सगळ्यात चांगल्या गोळीनं, रोज घेऊन, दोन महिन्यांनी, तिघांतला एक बरा झाला नव्हता. म्हणून पंधरा दिवसांत खात्रीनं घालवतो असं कुणी म्हणालं, मग तो डॉक्टर असो की बसस्टँडवरचा जडीबुटीवाला, तर तिथून उठा.

इट्राकोनाझोल तुम्ही मेडिकलमधून आपल्या मनानं आणावं म्हणून हे सांगत नाही. सासूबाईंना शुगर आहे का, बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का, हृदयाचा त्रास आहे का, हे विचारल्याशिवाय ती देता येत नाही. काही गोळ्यांशी तिचं अजिबात जमत नाही. जाऊबाई किंवा तुम्ही गरोदर असाल, किंवा तसा विचार असेल, तर आधी सांगा. लांबवर द्यायची असेल तर लिव्हरची तपासणी लागते. आणि एक गोष्ट सांगायची बऱ्याचदा राहून जाते. ही कॅप्सूल जेवणाबरोबर घ्यायची, पोटातल्या आम्लात ती विरघळते. आपल्याकडे सकाळी उठल्या उठल्या गॅसची गोळी घ्यायची सवय घरोघर आहे. ती चालू ठेवून ही कॅप्सूल घेतली, तर अंगाला लागायची कमी लागते. मग पुन्हा म्हणायचं, औषध गुण देत नाही.

मलम कसं लावतात, तेही. चट्ट्याच्या मधोमध लावून उपयोग नाही, बुरशी कडेला पळत असते. चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं जागा धरून लावायचं, सकाळ-संध्याकाळ. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. लोक वाटाण्याएवढं घेऊन मांडीभर फासतात. आणि दिसायचं बंद झालं तरी पुढचे दोन आठवडे लावायचं. सगळ्यात जास्त माणसं इथंच निसटतात.

स्टिरॉइडची ट्यूब बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज उसळेल. झोप उडेल. मालक म्हणतील, “तुझ्या डॉक्टरणीपेक्षा मेडिकलवाला बरा.” हे आठ-दहा दिवस जड जातात. खाजेची साधी गोळी डॉक्टर देतील. या काळात कुणी खाजेचं म्हणून कंबरेत इंजेक्शन देऊ केलं तर आधी विचारा कशाचं आहे. बऱ्याचदा तेही स्टिरॉइडच असतं, फक्त ट्यूबच्या कैकपट.

म्हशीला सोडून द्या. जनावरांचं गजकर्ण माणसाला होतं, नाही असं नाही. वासराच्या तोंडाजवळ, मानेवर गोल, केस गेलेले, खपलीचे चट्टे असतील तर गुरांच्या डॉक्टरला दाखवा. पण आत्ता घरोघर फिरणारी बुरशी माणसाकडून माणसाकडे जाते. टॉवेलातून, अंथरुणातून, एकमेकांच्या कपड्यांतून. तुमच्या घरातली वाट बघा ना: मालक, मग तुम्ही, मग बाकीचे. म्हशीनं एवढी शिस्त पाळली नसती.

पाण्याचं मला कळतं. आठवड्याला टँकर असलेल्या घराला ‘रोज सगळ्यांचे कपडे वेगळे धुवा’ सांगणारा डॉक्टर टँकरच्या रांगेत कधी उभा राहिलेला नसतो. मी जास्तीचं पाणी मागत नाही, क्रम बदलायला सांगते. ज्यांना काही नाही त्यांचे कपडे आधी भिजवा, तेच पाणी पुढं आजारी माणसांच्या कपड्यांना वापरा. त्यांचे आतले कपडे, टॉवेल आणि परकर मात्र शेवटी, बादलीभर कडकडीत पाण्यात वेगळे. ६० अंशांच्या पुढच्या पाण्यात ही बुरशी तगत नाही, आणि चुलीवर तापवलेलं, हात घालवत नाही असं पाणी तेवढं असतंच. मग कपडे उलटे करून उन्हात. मराठवाड्यात पाणी नसेल, ऊन तर आहे. जीन्सची पँट रोज धुणं शक्य नाही, म्हणून गजकर्ण जाईपर्यंत मालकांनी जीन्स घालूच नये, सैल सुती पँट किंवा धोतर-लुंगी. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. सात टॉवेल विकत घ्यायची गरज नाही, जुनी सुती साडी फाडा.

आणि करदोडा. लाज वाटून कुणी सांगत नाही आणि बरेच डॉक्टर विचारत नाहीत. मालकांच्या, दिरांच्या, पोराच्या कंबरेला काळा करदोडा असेल तर तो दिवसभर घामानं ओला आणि रात्रभर दमट राहतो, अंघोळीनंतरही कुणी पुसत नाही. कंबरेभोवती पट्टा उमटलेला दिसला की मी आधी तोच बघते. उपचार चालू असेपर्यंत काढून ठेवा. सासूबाईंना पटत नसेल तर सांगा की बरं झाल्यावर नवा बांधू, जुना तसाही कुबट झालाय. तुमच्या परकराच्या नाडीचंही तेच. रोज थोडी वर-खाली बांधा आणि आठवड्यात एकदा नाडी ओढून काढून गरम पाण्यात टाका.

आता खरी अडचण. घरातल्या सगळ्यांवर एकाच वेळी उपचार झाले पाहिजेत, ज्याला ‘थोडंसंच आहे’ त्याच्यावरही. पाच जणांना गजकर्ण आहे, त्यातल्या तिघांनी गोळ्या खाल्ल्या आणि दोघं ऊसतोडीच्या कोपीवर निघून गेले, तर गुढीपाडव्याला ते परत येतील तेव्हा बुरशीही घरी येईल. म्हणून दीर-जाऊ घरी असतानाच सुरू करा. मधेच टोळीबरोबर निघावं लागलं तर उरलेलं औषध आणि डॉक्टरांचा कागद बरोबर द्या, आणि नवऱ्या-बायकोनं दोघांनी घ्यायचं हे जावेला बजावून सांगा. फडात अंघोळ अंधारात, ओल्याच कपड्यावर कपडा, हे मला माहीत आहे. तिथं एवढं झालं तरी पुष्कळ: झोपताना कोरडे कपडे आणि मलम.

थोरलीचं सोपं आहे, पण तिला ते सोपं वाटत नसणार.

तुम्ही कंसात लिहिलेलं वाक्य कंसातलं नव्हतं. डेंग्यू ऑक्टोबरात झाला. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण असा धक्का बसला की वाढीला लागलेले बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. तोवर माणूस ताप विसरलेला असतो, मग होस्टेलचं बोअरचं पाणी, मेसची भाजी, अभ्यासाचं टेन्शन यांच्यावर आळ येतो. बोअरच्या खारट पाण्यानं केस राठ होतात, मुळापासून सुटत नाहीत. रोज ५० ते १०० केस गळणं तर तुमचंआमचंही चालू असतं. तापानंतरचं गळणं बहुधा सहा महिन्यांत आटोक्यात येतं. तिला म्हणावं, भांगाशेजारी कपाळाच्या कडेला बोटभर उभे, बारीक, हट्टी केस दिसतात का बघ. दिसत असतील तर पीक उगवतंय. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या, या वयाच्या मुलींत लोह बऱ्याचदा कमी असतं. होस्टेलच्या पोरी केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोड गोळ्या खातात. तीही खात असेल तर रक्त द्यायच्या आधी काही दिवस बंद करायला सांगा आणि लॅबमध्ये तसं सांगायलाही. बायोटिनमुळं थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ सालीच तसा इशारा दिला आहे.

बाटली तिनं उगीच फेकली, पण तिची भीती समजते. २०२४ च्या डिसेंबरपासून शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत हातात आले, टक्कल पडलं. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर, मग शाम्पूवर. दिल्लीहून आयसीएमआरचं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं. पुढं रुग्णांच्या तपासण्यांत सेलेनियम फार जास्त आढळल्याचं समोर आलं आणि बोट रेशनच्या गव्हाकडे वळलं. ते सेलेनियम पोटातून गेलेलं. सेलेनियम थोडं लागतंच शरीराला, जास्त झालं की केस आणि नखं जातात. शाम्पूतलं सेलेनियम सल्फाइड हा वेगळा पदार्थ आहे. तो पाण्यात विरघळत नाही, धड कातडीतून आत जवळजवळ जात नाही, आणि १९५० च्या दशकापासून कोंड्यावर वापरात आहे. दोन-तीन मिनिटं ठेवून भरपूर पाण्यानं धुवायचा, डोक्यावर जखम असेल तर लावायचा नाही. चांदीच्या तोरड्या-अंगठ्या काढून ठेवाव्यात, काळ्या पडतात. तरीही मन घेत नसेल तर २ टक्के केटोकोनाझोलचा शाम्पू आहे. आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं डोक्यावर ठेवून, चार आठवडे. फेस टाळूला लागला पाहिजे. मुली शेंड्यांनाच चोळत बसतात.

कोंडा हा घाणीचा रोग नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू दे. मालासेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच टाळूवर राहते. मालासे या फ्रेंच माणसानं ती १८७४ साली कोंड्यात पाहिली. २००७ मध्ये तिची जनुकं वाचली तेव्हा दिसलं की तिला स्वतःची चरबी बनवताच येत नाही, ती आपल्या टाळूच्या तेलावर जगते. ते खाऊन जे सोडते, त्यानं काहींची टाळू चिडते आणि भुसा पडतो. म्हणून कोंडा असताना रात्रभर तेल थापून घट्ट वेणी घालणं मला पसंत नाही. तुम्ही म्हणाल, आमच्या आयांनी जन्मभर तेल लावलं. २०२१ साली १४० भारतीय बायकांवरचा एक अभ्यास आला, त्यात खोबरेल तेलानं टाळूवरच्या चांगल्या जिवाणूंना फायदा झाल्याचं दिसलं. मी तो अभ्यास झटकून टाकत नाही. पण तेलानं कोंडा बरा होतो, असं त्यातून निघत नाही. कोंडा जाईपर्यंत तेल धुवायच्या आधी तासभर, तेही केसांना, टाळूला नाही. एवढ्यावर आपण मायलेकींनी तह करू.

पोराचं पुन्हा. ती खरंच चाई निघाली तर डॉक्टर तिथं लावायला स्टिरॉइडच देतील. तेव्हा माझं हे पत्र त्यांच्यापुढं नाचवू नका. चाईत शरीराचे स्वतःचेच शिपाई केसाच्या मुळावर चालून जातात, तिथं कुत्र्याला झोपवणं हाच उपचार आहे. २०२२ आणि २०२३ मध्ये चाईसाठी नव्या गोळ्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली, मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ दिसतील. त्या डोक्यावरचे बरेचसे केस गेलेल्या रुग्णांसाठी आहेत. दुसरीला मान्यता मिळाली ती वयाची बारा वर्षं झाल्यावर, पहिलीला तर मोठ्यांसाठीच. रुपयाएवढ्या चट्ट्यासाठी नाहीत.

कुठं दाखवायचं? तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल, थोरलीला लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. चट्टा खरवडून तो भुसा सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी होते, तिला फार खर्च नाही आणि सुईही टोचत नाही. तपासणीच्या आधी दोन-चार दिवस चट्ट्यावर काही लावू नका, नाहीतर बुरशी असूनही दिसत नाही. पहिल्या खेपेला पोरगं आणि मालक यांना तरी न्याच. मालक नाही म्हणाले तर पोराच्या निमित्तानं न्या आणि तिथं गेल्यावर त्यांचाही केसपेपर काढा.

आणि सगळ्या ट्यूबा एका पिशवीत घालून बरोबर न्या. रिकाम्या झालेल्याही.